बारा इंचांत साडेसतरा इंच पत्रा

बाबा,

या वर्षी मी आमच्या विभागात एक नवीन विषय शिकवते आहे. जॉमेट्रिक मेझर थिअरी. मराठीत भौमितिक माप सिद्धांत म्हणता येईल, पण तसं म्हटलं की वर्गातली मुलं हसतात. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची आठ आणि पीएचडीला नुकतीच लागलेली तीन, अशी अकरा जणं आहेत. या विषयावरची पुस्तकं जाडजूड आहेत आणि ज्यांना विषय आधीच येतो त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखी वाटतात, म्हणून नवख्यांसाठी नोट्स मीच लिहायला घेतल्या. सहा प्रकरणं आधीच झाली होती, सातवं परवा संपवलं. नोट्स इंग्रजीत आहेत, वर्गात मात्र मराठी, हिंदी, इंग्रजी जे सुचेल ते बोलते. गेल्या मंगळवारी तास संपल्यावर भांडुपहून येणारी एक मुलगी, पीएचडीवाली, जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, टँजंट प्लेन शिकवताना तुम्ही दर वेळी म्हणता, 'तोंड कुठं आहे बघा.' हे कुठल्या पुस्तकात आहे? मी शोधलं ना, कुठेच नाही सापडलं." मी हातावरचा खडू झटकत म्हटलं, "चारकोपच्या एका वर्कशॉपमधून आलंय ते." ती हसली, मागची दोघं-तिघं हसली, मीही हसले. स्टाफरूममध्ये येऊन डबा उघडला आणि मग लक्षात आलं की आपण काय बोललो. जवळजवळ हेच वाक्य मी पूर्वी एकदा बोलले होते, तुमच्यासमोर. त्याला आता सव्वीस वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन बावीस.

त्या मुलीला नीट उत्तर द्यायचं झालं तर काय सांगायचं, याचा मी सहा दिवस विचार करते आहे. माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर काही महिने घरी होते, मग चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका डक्टच्या वर्कशॉपमध्ये लागले. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली धुराडी, ऑफिसांतल्या एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे, असलं काम. सुरुवातीला तुम्ही पत्रे उचलायला होतात आणि दोन वर्षांत मार्किंगला आलात. मार्किंग म्हणजे सपाट पत्र्यावर टोकदार सुईने रेषा ओढायच्या, अशा की त्यांवर कापून वाकवलं की काटकोनात वळणारा पाइप तयार व्हावा, किंवा एका तोंडाला चौकोनी आणि दुसऱ्या तोंडाला गोल असं नळकांडं. तुम्ही सातवी शिकलेले. मी अकरावीत असताना एकदा तुमचा डबा द्यायला आले होते, तेव्हा तुम्ही जमिनीवर उकिडवे बसून पत्र्यावर लाटेसारखी रेघ ओढत होतात. पत्रा गुंडाळला तेव्हा ती लाट नाहीशी झाली आणि पाइपाचं तोंड सुरीने तिरकं कापल्यासारखं एका पातळीत आलं. मी म्हटलं, "बाबा, ह्याला साइन कर्व म्हणतात, आम्हाला आहे अभ्यासाला." तुम्ही वर न बघता "असेल" म्हणालात आणि दुसरा पत्रा ओढलात.

तो रविवार मला अजून आठवतो. मी एमएस्सी संपवून संशोधनाला नुकतंच नाव घातलं होतं, आणि गाइड सरांनी मला पहिलं भाषण द्यायला सांगितलं होतं: या विषयाची तोंडओळख, विभागातल्या इतर विद्यार्थ्यांसाठी. मी चारकोपच्या सेक्टरमधल्या आपल्या घरी स्वयंपाकघरात फोल्डिंगच्या टेबलावर कागद पसरून बसले आहे, आई ओट्याशी नारळ खवते आहे, तुम्ही बाजार आणून पिशवी ठेवता आणि माझ्या कागदावर वाकता. "काय गो, ह्या काय काढलंस?" तुम्ही एरवी मुंबईचं मराठी बोलायचात, चकित झालात किंवा चिडलात की मालवणीत जायचात. तेव्हा नुसतेच खुशीत होतात.

मी सांगते. वळणदार रेषेची लांबी काढायची तर तिच्यावर ठिपके मांडायचे, शेजारचे ठिपके सरळ रेषांनी जोडायचे आणि त्या रेषांची बेरीज करायची. ठिपके जितके जवळजवळ, तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ. तुम्ही मान हलवता, कारण टेपने हेच करत आलेले असता. मग गोल डब्याच्या पत्र्याचं क्षेत्रफळही तसंच काढता यायला हवं: डब्यावर ठिपके, तीन-तीन ठिपक्यांचे सपाट त्रिकोण, त्रिकोणांची बेरीज. "पण तसं होत नाही, बाबा. शंभर वर्षांपूर्वी एकाने दाखवून दिलंय. ठिपके एका विशिष्ट तऱ्हेने मांडले तर त्रिकोण बारीक बारीक होत जातात, डब्याला अगदी चिकटत जातात, आणि बेरीज मात्र डब्याच्या क्षेत्रफळाकडे जातच नाही. वाढतच राहते. हवी तेवढी वाढवता येते."

"असा कसा होयत?" तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "पत्रो काय रबर आसा? डब्याक लागता तेवढोच लागतलो."

"पुस्तकात सिद्ध केलंय."

"पुस्तकात आसा तां रवांदे. तू करून बघलंस?"

आई म्हणाली, "दोघं आधी जेवून घ्या आणि मग मोजा काय ते डबे." पण तुम्ही उठला नाहीत. माझ्याकडून आकृती दोनदा काढून घेतलीत. डबा आठ इंच व्यासाचा, बारा इंच उंच. घेरावर सहा ठिपके. उंचीचे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे चोवीस पट्टे, आणि प्रत्येक ओळीतले ठिपके खालच्या ओळीतल्या ठिपक्यांच्या बरोबर मधोमध. मी त्रिकोणाचं माप काढून दिलं: पाया चार इंच, उंची पाऊण इंचाला थोडी कमी. तुम्ही ते आपल्या खिशातल्या वहीत लिहून घेतलंत.

पुढचे चार रविवार तुम्ही त्याच्या मागे होतात. आधी ड्रॉइंग पेपरवर, मग पाइपांवर गुंडाळतात त्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा उरलेला तुकडा घेऊन. त्रिकोण वेगवेगळे कापून जोडायचे असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, कापायचं कशाला, हे सगळे एकाच सपाट पत्र्यावर शेजारी शेजारी बसतात, आडव्या रेषा एका बाजूला मोडायच्या आणि तिरक्या दुसऱ्या बाजूला. हे मला माहीत नव्हतं. पहिला पत्रा फाटला, दुसरा आखडला. तिसरा मात्र हळूहळू, अकॉर्डियनसारखा दबत, गोल झाला आणि ओट्यावर उभा राहिला. हिऱ्याच्या पैलूंसारखा दिसत होता. शेजारी तुम्ही त्याच मापाचा साधा गुळगुळीत डबा करून ठेवलात. दोन्ही बारा इंच उंच, ठिपके सगळे डब्याच्या गोलाईवर. साध्या डब्याला बारा इंच रुंदीचा पत्रा लागला होता, ह्याला साडेसतराहून थोडा जास्त. तुम्ही टेप परत परत लावून बघितलात.

"साडेसतरा इंच पत्रो बारा इंचात गेलो खंय?"

मी हिशेब करून सांगितलं, पट्टे दुप्पट केले तर अठ्ठावीस इंच लागेल, चौपट केले तर जवळजवळ साडेचार फूट. तुम्ही लगेच पकडलंत, "पण घेराला सहाच ठिपके ठेवलेस तर तो गोल कुठे होतोय? ते पण वाढव." मी म्हटलं, तेही वाढवायचे, पण पट्टे त्याहून खूप जोरात वाढवायचे, मग डबाही गोल होतो आणि पत्राही खात राहतो. मग पेन्सिल घेतलीत आणि एका त्रिकोणावर तिचं टोक टेकवून ती काटकोनात उभी धरलीत.

"ठिपके सगळे जागेवर आहेत. एकही चुकलेला नाही. पण तोंड कुठं आहे बघ. साध्या डब्याचं तोंड सरळ बाहेर बघतं. ह्याचं अर्धं वर आढ्याकडे बघतंय, अर्धं खाली लादीकडे. ठिपके जुळले म्हणून पत्रा जुळला, असं नसतं गो." आणि मग, डबा माझ्याकडे सरकवत, "पट्टा रुंद ठेवलास तर काही बिघडत नाही. पट्ट्याची उंची आणि त्रिकोण आत किती गेलाय ती खोली, दोघांत मोठं कोण एवढंच बघायचं. खोली मोठी झाली की पत्रा आडवा पडला म्हणून समज."

गाइड सरांना यातली पहिली गोष्ट मला समजावायला दोन तास लागले होते आणि दुसरी त्यांनी सांगितलीच नव्हती. आज अकरा मुलांना मी हा विषय शिकवते तेव्हा तिथूनच सुरुवात करते. वेडीवाकडी, फाटकी, सुरकुतलेली वस्तू असली तरी तिचं माप काढता यायला हवं. म्हणून ती बारीक तुकड्यांनी झाकायची, शक्य तितक्या काटकसरीने, तुकड्यांच्या आकारावरून बेरीज करायची आणि तुकडे आणखी बारीक करत जायचं. हे झालं माप. पण नुसतं माप पुरत नाही. त्या वस्तूला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तोंड आहे का, म्हणजे खूप जवळून बघितलं की ती एका दिशेला सपाट दिसते का, हा खरा प्रश्न. बाकी सगळी प्रकरणं या प्रश्नाभोवती आहेत. त्या दिवशी मात्र तुमचं पहिलं वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि दुसरं नाही, कारण आई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारत होती.

भाषण शनिवारी सकाळी होतं. मॉडेल बसमध्ये दबेल म्हणून तुम्ही रिक्षा केलीत आणि मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात ते मांडीवर धरून चारकोपपासून विभागापर्यंत आलात. मी म्हटलं होतं, मी नेईन. तुम्ही म्हणालात, "तू तुझं बोलायचं बघ." इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गणपतीत घालायचात तो. खोकं टेबलावर ठेवून तुम्ही शेवटच्या बाकावर कोपऱ्यात जाऊन बसलात आणि तास-सव्वा तास, सगळं इंग्रजीत चाललेलं असताना, हलला नाहीत. पुढच्या रांगेत गाइड सर होते आणि त्यांच्या शेजारी बाहेरगावहून आलेले एक पाहुणे प्राध्यापक, या विषयात खूप मोठं नाव असलेले. भाषण संपल्यावर ते उठून टेबलाशी आले, मॉडेल हातात घेऊन फिरवलं, एका त्रिकोणावर बोट फिरवलं. म्हणाले, "सुंदर आहे हे. इतकं नेमकं मी कुठेच पाहिलेलं नाही. कुठून मिळवलंस?"

मी म्हटलं, "चारकोपच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलं, सर."

का म्हटलं? लाज वाटली असं म्हणणं सोपं आहे, आणि थोडी वाटलीच. पण नुसती तेवढीच नव्हती. 'माझ्या वडिलांनी केलं' म्हटलं की सगळे मागे वळून तुमच्याकडे बघतील, तुम्हाला विचारायला लागतील आणि मग ते भाषण माझं राहणार नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. पहिलंच भाषण होतं. मला ते सगळंच्या सगळं माझं हवं होतं.

मग त्यांनी प्रश्न विचारला. साधाच होता: हे बिघडतं नेमकं कधी? पट्टे आणि घेरावरचे ठिपके यांचं प्रमाण काय असेल तोवर क्षेत्रफळ बरोबर येतं आणि कुठून पुढे फसतं? मी फळ्याकडे वळले आणि हिशेब मांडायला लागले. दुसऱ्या ओळीत घात चुकला, वर्गाच्या जागी घन लिहिला, पुढचं काही जुळेना. खोडलं, परत लिहिलं, परत तेच. हॉलमध्ये कुणी खुर्ची सरकवली. मी वळून बघितलं तेव्हा शेवटच्या बाकावर तुमचा हात वर आला होता. पूर्ण नाही, खांद्यापर्यंत, पेन्सिल धरल्यासारखी बोटं. इंग्रजी तुम्हाला तेवढं कळत नव्हतं, पण ते पाहुणे मॉडेलच्या एका पट्ट्यावर नख टेकवून विचारत होते, त्यामुळे प्रश्न तुम्हाला कळला होता. आणि उत्तर तुम्हाला माहीत होतं. आपली नजरानजर झाली. मी परत फळ्याकडे वळले. गाइड सर उठले, त्यांनी चूक दाखवून दोन ओळींत उत्तर लिहून टाकलं. नंतर मी पाहिलं तेव्हा तुमचा हात खाली होता आणि तुम्ही वर छताकडे बघत होतात.

परतताना रिक्षात तुम्ही छताचंच बोललात. "त्या हॉलचा डक्ट चुकीचा बसवलाय. हवा पुढच्या दोन रांगांनाच लागते, मागे काही येत नाही." घरी आईने विचारलं, कशी बोलली? "फळो भरून लिहिल्यान," तुम्ही म्हणालात आणि कपडे बदलायला गेलात.

मला वाटलं, विषय संपला. बुधवारी संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात, हातपाय धुतलेत, चहा घेतलात, आणि मी भाजी निवडत होते तिथे येऊन बसलात. आवाज चढलेला नव्हता.

"तुला एक विचारतो. आम्ही डक्टच्या आतल्या अंगाला सुईने अक्षर कोरतो, कधी बघितलंस?"

"हो. नाव लिहिता ना, कोणी केलं म्हणून?"

"कौतुकासाठी नाही लिहीत. साइटवर नेऊन लावला आणि बसला नाही, तर कोणाला बोलवायचं ते कळायला लिहितो. आतल्या बाजूला असतं, गिऱ्हाइकाला दिसत पण नाही." मग थांबलात. "तुझ्या त्या साहेबाला उद्या वाटलं की मॉडेलमध्ये चूक आहे. तो कोणाला विचारणार? एका वर्कशॉपला? वर्कशॉपला काय तोंड असतं बोलायला?"

मी गवार मोडत राहिले.

"मार्किंग माझं होतं, हिशेब तुझा होता. दोघांची नावं सांगायची. चुकलं असतं तर दोघांनी शिव्या खाल्ल्या असत्या. त्यांना कळव."

मी हो म्हटलं. आठवड्याने तुम्ही विचारलंत, कळवलंस? मी म्हटलं, हो, ईमेल केली. काय म्हणाले? म्हटलं, छान म्हणाले, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. मी ईमेल केली नव्हती. काय लिहायचं हे सुचत नव्हतं, चार दिवस गेल्यावर उशीर झाला असं वाटलं आणि मग खोटं बोलून मोकळी झाले. तुम्ही ते वर्कशॉपमध्ये सांगितलंत. तुमच्याबरोबर काम करणारे एक काका घरी आले तेव्हा मला म्हणाले, "तुझ्या बापाला म्हणे मोठ्या प्रोफेसरचा निरोप आलाय." तुम्ही खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होतात, पण कान इकडेच होते. मी म्हटलं, "हो ना."

मॉडेलचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. आईला पाण्याच्या मोटरवर झाकण हवं होतं, तुम्ही एका रविवारी ते उलगडून सपाट केलंत आणि मोटरवर बसवलंत. मी ओरडले तर म्हणालात, "पत्रा आहे तो. तुझं काम झालं ना?" घड्यांच्या रेषा त्यावर शेवटपर्यंत दिसायच्या. घर विकलं तेव्हा ते झाकण मोटरसकट नव्या माणसांना गेलं.

मी दुसऱ्या शहरात प्रबंध लिहीत असताना एका दुपारी वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत तुम्ही भिंतीला टेकून बसलात ते उठलाच नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं, त्यात मी 'आईवडिलांच्या पाठिंब्यामुळे' असं एक वाक्य लिहिलं. सगळेच लिहितात. तिसऱ्या पानावर त्या डब्याची आकृती होती आणि खाली काहीही लिहिलेलं नव्हतं.

ते पाहुणे प्राध्यापक मला सात वर्षांपूर्वी एका परिषदेत पुन्हा भेटले. खूप म्हातारे झाले होते, काठी घेऊन चालत होते. मी ओळख दिली तर म्हणाले, "तो अ‍ॅल्युमिनियमचा डबा! मला त्या वर्कशॉपचा पत्ता हवा होता, आमच्या संस्थेत ठेवायला तसाच एक करून घ्यायचा होता. तू कळवशील असं वाटलं होतं." मी म्हटलं, "सर, तो माझ्या वडिलांनी केला होता. ते आता नाहीत." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "शेवटच्या बाकावर पांढऱ्या शर्टात होते ते?" मी हो म्हटलं. "त्यांनी हात वर केला होता," ते म्हणाले. "मी तुझ्या गाइडना म्हटलंही, मागच्या गृहस्थांना काही सांगायचं आहे बहुतेक. पण तोपर्यंत ते फळ्याशी गेले होते. काय सांगायचं होतं त्यांना?"

मी त्यांना सांगितलं. पट्ट्याची उंची आणि आतली खोली, दोघांत मोठं कोण. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत उभे राहिले. म्हणाले, "हेच उत्तर आहे. आम्ही सगळे हे सूत्राने सांगतो आणि सूत्र सांगून झालं की कुणाच्या काही लक्षात राहत नाही." मग चहाची वेळ झाली आणि लोक त्यांना घेऊन गेले. गेल्या वर्षी ते वारले.

तर परवा शनिवारी मी पहिल्या प्रकरणात त्या डब्याच्या आकृतीखाली तळटीप घातली. तुमचं पूर्ण नाव, काम मार्किंगचं, चारकोप. आणि तुमची दोन्ही वाक्यं, जशी बोललात तशी, मराठीतच, खाली इंग्रजी अर्थ देऊन. काल बोरिवलीच्या घरी आईला वाचून दाखवली. ती आता माझ्याकडेच असते, गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. चष्मा लावून तिने स्क्रीनवर तुमचं नाव स्वतः वाचलं. म्हणाली, "एवढीच ओळ? चार रविवार माझा ओटा अडवला होता त्या डब्याने, ते पण लिही." मी म्हटलं, आई, तसं नाही लिहीत अशा नोट्समध्ये. "मग कशात लिहितात?" ती म्हणाली आणि टीव्हीकडे वळली. भांडुपच्या त्या मुलीला मंगळवारी तासाला सगळं सांगणार आहे, बाकीच्यांनाही.

हे सगळं मी नोट्सच्याच फाइलमध्ये, सातव्या प्रकरणानंतर टाइप केलंय. मुलांना फाइल पाठवायच्या आधी एवढी पानं काढून टाकायची आहेत. सातवं प्रकरण तुम्हाला आवडलं असतं. त्यातली वस्तू तुम्ही बघितलेली नाही. एक चौरस घ्यायचा, त्याच्या चार कोपऱ्यांतले चार लहान चौरस ठेवायचे, बाजू पावपट, बाकी कापून टाकायचं. प्रत्येक लहान चौरसाचं परत तसंच, आणि असं करतच राहायचं. शेवटी उरते ती नुसती पूड. पण त्या पुडीला लांबी आहे, मोजली तर शून्य येत नाही. तोंड मात्र तिला कुठेच नाही, आणि जवळजवळ कुठल्याही बाजूने उजेड टाकला तरी तिच्या सावलीची लांबी शून्य. या विषयातलं मोठं प्रमेय असं सांगतं की लांबी मोजता येईल अशी कुठलीही वस्तू घ्या, तिचे दोनच भाग पडतात: एक, ज्याला जवळजवळ सगळीकडे तोंड आहे, आणि दुसरा, जो या पुडीसारखा आहे. तिसरं काही नसतं. हे प्रमेय मी किती वेळा शिकवलंय, मोजलेलं नाही. विधान फळ्यावर लिहिते, चित्र काढते, मुलं खूश होतात, आणि सिद्धता पुस्तकात वाचा म्हणून सांगते. या वेळी नोट्स माझ्या होत्या, त्यामुळे सिद्धता लिहावी लागली. आठ पायऱ्या आहेत. पाचव्या पायरीवरून सहावी कशी येते ते मला कळत नाही, बाबा. कधीच कळलेलं नाही. दोन पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांत तीच उडी मारलेली आहे आणि मी कुणालाही विचारलेलं नाही. पहिल्या पानावर माझं नाव आहे, आणि त्या जागी मी परवा 'हे सहज दिसते' असं लिहून पुढे गेले.